भाजलेल्या जखमेतला हिरवा पू आणि व्हिटॅमिन सीची भुकटी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्यांचा मेहुणा, वय पस्तिशीच्या आसपास, गॅसच्या भडक्यात सुमारे ३० टक्के भाजला. पोट, दोन्ही हात आणि मांड्या. आज बारावा दिवस. ड्रेसिंग सोडलं की पट्टी हिरवट दिसते, स्वॅबच्या रिपोर्टमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू आलाय, आणि आता कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिकच उरलंय असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणीतरी वाचलं की जीवनसत्त्वांमुळे हे जंतू कमजोर पडतात. म्हणून विचारलंय की व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून जखमेवर टाकाव्यात का, ई ची हिरवी कॅप्सूल फोडून लावावी का, की डॉक्टरांना सांगून सलाइनमधून भरपूर सी द्यायला लावावं. जाता जाता हेही लिहिलंय की सासूबाई पोराला लिंबूसुद्धा चाखू देत नाहीत, कारण आंबटाने जखम चिघळते.

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि नोकरीची बहुतेक वर्षं जळीत वॉर्डात गेली आहेत. तुमचा पेशंट मी पाहिलेला नाही. जखम किती खोल आहे, किती भागावर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढलेली कातडी, लागलाय, मूत्रपिंडं कशी चालली आहेत, मधुमेह आहे का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तरी तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं देता येतील. जखमेवर भुकटी नको, कॅप्सूल नको. तोंडावाटे किंवा नळीवाटे ठरलेल्या मात्रेत जीवनसत्त्वं हवीतच, आणि बहुधा ती चालूही असतील. सलाइनमधून प्रचंड डोस जंतू मारण्यासाठी मागू नका.

आता कारणं सांगतो. नुसतं 'नको' म्हटलं तर कुणीतरी रात्री गुपचूप लावतंच. ड्रेसिंग सोडल्यावर आत हळद, मध, एकदा तर टूथपेस्टही सापडलेली आहे.

तुमच्या घरच्यांनी जे वाचलं ते खोटं नाही. स्यूडोमोनास हा जंतू नुसता जखमेत राहत नाही, तो तिथे संसार थाटतो. संख्या थोडी असते तोवर तो बराचसा गप्प असतो. प्रत्येक जंतू काही रसायनं बाहेर सोडत असतो. जंतू वाढले की ती रसायनं आसपास दाटतात आणि त्या दाटीवरून सगळ्यांना कळतं की आता आपण पुरेसे झालो. याला कोरम सेन्सिंग म्हणतात. त्यानंतर सगळे मिळून हत्यारं बाहेर काढतात. आपल्या पेशी आणि तंतू विरघळवणारे एन्झाइम्स, विषारी प्रथिनं, आणि पायोसायनिन नावाचं निळं-हिरवं रंगद्रव्य. तुमच्या पट्टीवरचा रंग त्याचा आणि त्याच्याच भाऊबंद रंगद्रव्यांचा. सोबत एक चिकट थर तयार होतो, बायोफिल्म, आणि त्यात बसलेल्या जंतूंपर्यंत औषध धड पोहोचत नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर रिपोर्ट यायच्या आधी रंग आणि तो गोडसर वास यावरून जंतू ओळखतात, आणि त्या सहसा चुकत नाहीत.

संशोधकांची कल्पना अशी की जंतूला मारायच्या भानगडीत न पडता त्याची ही हत्यारं काढून घ्यावीत. मारायला गेलं की वाचलेले जंतू औषधाला पुरून उरतात. नुसतं निःशस्त्र केलं तर तसा दबाव कमी पडेल आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी उरलेलं काम करतील, अशी आशा. या दृष्टीने जीवनसत्त्वांकडे बघितलं गेलं, कारण ती स्वस्त आहेत, ओळखीची आहेत आणि माणसाला चालतात. इजिप्तमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे व्हिटॅमिन सीचंच क्षाररूप, स्यूडोमोनासच्या कोरम सेन्सिंगमध्ये अडथळा आणतं आणि पायोसायनिनसारखी हत्यारं कमी होतात. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत क्षयाच्या जंतूंवर सी टाकून पाहिलं, तर परीक्षानळीत ते मेले. तिथे सी लोहाबरोबर मिळून घातक ऑक्सिजन रेणू तयार करत होतं. म्हणजे ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून विकत घेतो तेच तिथे उलटं काम करत होतं.

हे सगळं काचेत झालं. आता वॉर्डात येऊ.

पहिला मुद्दा प्रमाणाचा. निरोगी माणसाच्या रक्तात व्हिटॅमिन सी दर मिलिलिटरला साधारण ०.०१ मिलिग्रॅम असतं. तोंडाने कितीही गोळ्या खाल्ल्या तरी आतडं ठरावीक मर्यादेपलीकडे शोषत नाही, आणि पातळी फार तर ०.०४ पर्यंत चढते. प्रयोगशाळेत थेट सीने जंतूंची वाढ थांबवायला बहुतेक वेळा मिलिलिटरला काही मिलिग्रॅम लागतात. म्हणजे फरक शंभरपटीच्या घरातला. गोळ्या चघळून ही दरी भरत नाही. शिरेतून मोठे डोस दिले तर रक्तात थोडा वेळ मिलिलिटरला एखादा मिलिग्रॅम गाठता येतो, पण मूत्रपिंडं काही तासांतच तो बाहेर टाकतात.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त व्हिटॅमिनचा नाही, तुमच्या कोलिस्टिनचाही आहे. खोल भाजलेल्या जागी वरची कातडी मेलेली असते. तिला आम्ही एस्कार म्हणतो, काही जण खपली म्हणतात, पण ती साधी खपली नव्हे. ते मेलेल्या प्रथिनांचं जाड कातडं असतं आणि त्यातल्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या असतात. कालव्याला कितीही पाणी सोडलं तरी ज्या शेताचा पाटच बुजलाय तिथे थेंब पोहोचत नाही, तसं हे आहे. रक्तातून दिलेलं औषध, मग ते कोलिस्टिन असो की व्हिटॅमिन, एस्कारच्या कडेपर्यंत येतं आणि थांबतं. जंतू मात्र आत आहेत. त्यांना तिथे ओल आहे, ऊब आहे, खायला प्रथिनं आहेत आणि हटकणारं कुणी नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेतो. 'कोणतं व्हिटॅमिन दिलं तर जंतू कमजोर होईल' यापेक्षा 'बारा दिवस झाले, मेलेली कातडी अजून अंगावर किती आहे आणि ती कधी निघणार' हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याकडे परत येतो.

मग थेट जखमेवरच टाकलं तर? प्रमाणही मिळेल आणि रक्तवाहिन्यांची गरजही नाही, असं तुम्ही म्हणाल. तर्क बरोबर आहे, आणि पुढेमागे एखादं चांगलं जेल निघालं तर याच वाटेने निघेल. पण कुटलेली गोळी म्हणजे औषधी जेल नव्हे. चघळायच्या गोळीत साखर असते, रंग असतो, संत्र्याचा स्वाद असतो, बांधणीची पावडर असते, आणि यातलं काहीही निर्जंतुक नाही. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं दाट द्रावण लिंबाच्या रसाइतकं आम्लधर्मी असतं. अर्धवट खोल जखमेत संवेदना शाबूत असतात, तिथे हे टाकलं तर पेशंट किंचाळेल. शिवाय खालून उगवू पाहणाऱ्या नव्या पेशी जंतूंपेक्षा नाजूक असतात. जंतू मरायच्या आधी त्या जातील. ही भुकटी हवेत आणि ओलीत पटकन खराबही होते, म्हणजे सकाळी टाकलेली संध्याकाळपर्यंत नक्की काय उरते याचा भरवसा नाही.

प्रमाण टिकलं नाही तर चांगली कल्पनाही कशी फसते, याचं एक उदाहरण भाजलेल्या जखमांचंच आहे. जंतूंना खाणारे विषाणू, बॅक्टेरिओफाज, स्यूडोमोनासवर वापरून पाहण्यासाठी फ्रान्स आणि बेल्जियममधल्या जळीत केंद्रांत फागोबर्न नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. फाजमुळे जंतू कमी झाले, पण नेहमीच्या चांदीच्या मलमापेक्षा हळू. मागे जाऊन तपासलं तेव्हा दिसलं की तयार केलेल्या द्रावणातल्या फाजची संख्या साठवणुकीत प्रचंड घसरली होती आणि जखमेवर ठरल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा पडत होती. तिथे युरोपातली तयारी आणि देखरेख होती. आपण मिक्सरमध्ये गोळ्या फिरवतोय.

बाकीच्या जीवनसत्त्वांचंही सांगतो, कारण उद्या कुणीतरी तेही पाठवेल.

ई बद्दल २०१८ मधलं एक सुंदर काम आहे. बर्कहोल्डेरिया नावाचा, स्यूडोमोनासच्या दूरच्या नात्यातला जंतू एक छोटं प्रथिन बाहेर सोडतो. ते अँटिबायोटिकला वाटेतच पकडून ठेवतं. व्हिटॅमिन ई त्या प्रथिनात जाऊन बसतं, त्याची जागा अडवतं, आणि औषध मोकळं राहून जंतूपर्यंत पोहोचतं. युक्ती म्हणून मला हे फार आवडलं. पण त्यावरून हिरव्या कॅप्सूलचं तेल उघड्या जखमेवर ओतायला आधार मिळत नाही. तेलाचा थर जखमेचा स्राव आत कोंडतो, आणि ई मुळे त्वचेला अ‍ॅलर्जी येणं मुळीच दुर्मिळ नाही. भरलेल्या व्रणावर लावून डाग जातील ही आशाही चाचण्यांत टिकलेली नाही, तरी आमच्या ओपीडीत दर आठवड्याला कुणीतरी चकाकता हात घेऊन येतंच.

बी-३, म्हणजे निकोटिनामाइड. २०१२ मध्ये उंदरांना त्याचे मोठे डोस दिले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी स्टॅफिलोकॉकस जास्त जोमाने साफ करू लागल्या, काही प्रयोगांत हजारपटीपर्यंत. यात जंतू कमजोर झाला नव्हता, लढणारा बळकट झाला होता. पण तो जंतू वेगळा आणि प्राणीही वेगळा.

बी-२, रायबोफ्लेविन, अतिनील प्रकाशाखाली जंतू मारतं. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळाच्या काही आजारांत हे तंत्र वापरतात. बुबुळ पातळ आणि पारदर्शक असतं म्हणून तिथे ते जमतं. जाड एस्कारमध्ये प्रकाश शिरत नाही.

के बद्दल गैरसमज नको. प्रयोगांत जंतूंवर परिणाम दिसतो तो मुख्यतः के-३ चा, आणि ते माणसाला देत नाहीत. तुमच्या पेशंटला 'व्हिटॅमिन के' चं इंजेक्शन लिहिलं असेल तर ते के-१, रक्त गोठण्यासाठी.

डी मला या सगळ्यांत सर्वांत व्यवहार्य वाटतं. आपल्या त्वचेच्या आणि पांढऱ्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन स्वतःच बनवतात, आणि त्यासाठीचा हुकूम व्हिटॅमिन डी मार्फत जातो. त्वचेला इजा झाली की ही यंत्रणा जागी होते. डी कमी असेल तर ती अर्धवट चालते. आपल्याकडे एवढं ऊन असून लोकांत डी कमीच सापडतं, आणि भाजलेल्या त्वचेत ते नंतर बराच काळ नीट तयार होत नाही. म्हणून तपासून कमतरता भरून काढायला मी कधीच कचरत नाही. पण ती कमतरता भरणं झालं, जंतूवरचा इलाज नव्हे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जीवनसत्त्वं जंतूंनाही लागतात. बी-१२ चं कारखान्यातलं उत्पादन जंतूंकडूनच करून घेतलं जातं, ते स्वतःच बनवतात. उलट काही संशोधक जंतूंचं बायोटिन तोडून त्यांना उपाशी मारायच्या मागे आहेत. आधी उंदरांत ते जमेना, मग लक्षात आलं की उंदराच्या रक्तात बायोटिन माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे जंतूला आयतं मिळत होतं. २०२० मध्ये उंदरांतलं बायोटिन माणसाच्या पातळीवर आणून पाहिलं तेव्हा उपाय लागू पडला. म्हणजे एका ठिकाणी जंतूला व्हिटॅमिन घालून बघतायत आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचं व्हिटॅमिन काढून. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाची धार अँटिऑक्सिडंटमुळे बोथट होते, असेही प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत. 'व्हिटॅमिनच आहे, त्याने काय नुकसान होणार' हे वाक्य म्हणून मला पटत नाही.

आता सलाइनमधल्या सी बद्दल. याचाही एक खरा उगम आहे. २००० मध्ये जपानमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ३० टक्क्यांहून जास्त भाजलेले ३७ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांत किलोमागे ताशी ६६ मिलिग्रॅम सी दिलं. ६० किलोच्या माणसाला हे दिवसात ९५ ग्रॅम होतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या १९० गोळ्यांएवढं. त्यांना सलाइन कमी लागलं आणि सूज कमी आली. नीट बघा, तो उपाय पहिल्या दिवसाचा, रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या द्रवासाठी होता. बाराव्या दिवशीच्या स्यूडोमोनासशी त्याचा संबंध नाही.

जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब पडलेल्या आयसीयूतल्या रुग्णांवरही सी वापरून पाहिलंय. २०२२ मध्ये लोव्हिट चाचणी आली, ८०० हून जास्त रुग्णांची. सी मिळालेल्यांत २८ दिवसांच्या सुमारास मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं ४४.५ टक्के, न मिळालेल्यांत ३८.५ टक्के. उलटाच परिणाम. ते जळीत रुग्ण नव्हते, पण तुमच्या पेशंटचा संसर्ग बिघडला तर तो त्याच अवस्थेत जाईल, म्हणून मी हे आकडे मनात ठेवतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कोलिस्टिन मूत्रपिंडांवर ताण देतं. सीचे मोठे डोस शरीरात ऑक्झलेट बनतात, आणि त्याचे खडे मूत्रपिंडात साचून ती बंद पडल्याच्या नोंदी भाजलेल्या रुग्णांतच आहेत. दोन्ही एकत्र मी स्वतःहून कधी देणार नाही. शिवाय रक्तात सी फार असलं की बोट टोचून साखर मोजायची काही यंत्रं साखर खोटी वाढलेली दाखवतात. कुणी त्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची उपजत कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, ते वेगळंच.

मग जीवनसत्त्वांचा उपयोग कशाला? पोटातून, रोज, पेशंटसाठी. जखमेतून दिवसभर स्राव वाहतो, त्यातून प्रथिनं जातात, तांबं, जस्त, सेलेनियम जातं. सीची पातळी भाजल्यावर झपाट्याने घसरते. कोलॅजन, म्हणजे जखम भरणारं तंतूंचं प्रथिन, बनायला सी लागतं, म्हणजे ग्राफ्ट धरायलाही लागतं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सी सांगितलंय. रोज दारू पिणारा असेल तर बी-१ विसरू नये. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत तांबं, सेलेनियम आणि जस्त शिरेतून भरून दिल्यावर भाजलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचं प्रमाण कमी झालं. जंतू कमजोर करण्याच्या गोष्टीची सर्वांत भक्कम बाजू माझ्या मते हीच आहे, फक्त ती जंतूच्या बाजूने न जाता माणसाच्या बाजूने जाते. अर्थात इथेही सरसकट विधान करता येत नाही. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल वर्षानुवर्षं जळीत वॉर्डांत दिलं जायचं, ऐकायला अगदी पटणारं. १२०० च्या वर रुग्णांची चाचणी २०२२ मध्ये आली आणि काहीच फायदा दिसला नाही.

सासूबाईंना मात्र माझा निरोप द्या. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं, सगळं चालतं. आंबटाने जखम पिकत नाही आणि अंड्याने पू होत नाही. आमच्या वॉर्डात हे रोज समजवावं लागतं. एकाच घरात आई पोराला लिंबू देत नाही आणि जावई व्हिटॅमिन सीची पावडर शोधतो, यावर हसावं की रडावं कळत नाही. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम सी असतं. पण खरा खड्डा प्रथिनांचा आहे. अशा जखमेला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोचा असेल तर ९० ते १२० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम. आता हिशोब करा की वरण-भाताच्या दोन घासांनी आणि नारळपाण्याने काय होणार. अंडी, दूध, दही, पनीर, चिकन, शेंगदाण्याचं कूट, जे खाईल ते, थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा. नसेल खात तर नाकातून नळी टाकायला नाही म्हणू नका. नातेवाईक त्या नळीला घाबरतात आणि पेशंट हाडांवर येतो. आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं असेल तर नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

आतापर्यंतचं दोन ओळींत: काचेत जे दिसतं ते खरं आहे, पण तेवढं प्रमाण मेलेल्या कातडीत पोहोचत नाही. व्हिटॅमिन पोटातून, अन्नासोबत, मोजून.

आता मेलेल्या कातडीकडे येतो. पूर्वी ती आपोआप सुटायची वाट बघत, तीन-तीन आठवडे. झोरा यान्झेकोविच या स्लोव्हेनियातल्या सर्जन बाईंनी १९६० च्या दशकात ती पहिल्या काही दिवसांतच थराथराने तासून काढून लगेच ग्राफ्ट लावायला सुरुवात केली आणि १९७० मध्ये ते मांडलं. जळीत रुग्ण जगण्याचं चित्र बदललं ते मोठ्या प्रमाणात यामुळे. जंतूचं घरच काढून घेतलं. आपल्याकडे ते पहिल्या आठवड्यात नेहमी होत नाही. पेशंट उशिरा पोहोचतो, ऑपरेशन थिएटर मिळत नाही, रक्त नसतं. तासताना रक्त खूप जातं. नातेवाइकांनी करण्यासारखं सर्वांत मोठं काम इथेच आहे. किती बाटल्या लागतील ते विचारा आणि रक्तदाते तयार ठेवा. व्हिटॅमिन शोधण्यात गेलेला दिवस यात घालवला असता तर जास्त कामी आला असता.

स्वतःची कातडी पुरेशी नसेल किंवा पेशंट अजून अशक्त असेल तर त्वचापेढीची त्वचा वापरता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, नंतर इतर ठिकाणीही सुरू झाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या-पाठीचा पातळ थर घेतात, ग्लिसरॉलमध्ये साठवतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. दोन-तीन आठवडे ती जखम झाकते, मग शरीर ती टाकून देतं. तेवढा वेळ बहुतेकदा पुरतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा की याची गरज आहे का, आणि असेल तर कागदपत्रं काय लागतील.

मी स्वस्त उपायांच्या विरुद्ध आहे असं समजू नका. उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग आणि केळीच्या पानांचं ड्रेसिंग, दोन्ही मुंबईतल्या सर्जननी वापरून, अभ्यासून, नियतकालिकांत छापून आणलेली आहेत. ते स्वच्छ केलेलं आवरण होतं, जंतू मारायचा दावा नव्हता. स्यूडोमोनासवरचा सर्वांत स्वस्त उपायही जुनाच आहे, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. एक ते तीन टक्क्यांच्या द्रावणात भिजवलेली गॉझ काही दिवस लावली की हिरवेपणा उतरताना मी पुष्कळ वेळा पाहिलाय. हे रुग्णालयाने बनवलेलं द्रावण. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर नाही, ते जास्त तीव्र असतं आणि निर्जंतुक नसतं. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, 'अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं सोकिंग करता येईल का' असं. कुणी रागावणार नाही. चांदीची मलमं आणि चांदीची ड्रेसिंगं आहेतच.

एक शंका मला तुमच्या वर्णनावरून आली, ती बोलून टाकतो. स्वॅबमध्ये जंतू आला म्हणजे संसर्ग झालाच असं नाही. पहिला आठवडा उलटला की भाजलेल्या जखमेवर असे जंतू बसतातच. त्यांनी जिवंत भागात घुसखोरी केली आहे का हे महत्त्वाचं. ताप चढत राहणं किंवा उलट अंग थंड पडणं, भ्रमल्यासारखं बोलणं, लघवी कमी होणं, प्लेटलेट्स घसरणं, आधी गुलाबी असलेली जखम काळपट पडणं, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर काळे-जांभळे डाग उठणं, ही घुसखोरीची लक्षणं. नक्की करायचं असेल तर स्वॅबऐवजी मांसाचा छोटा तुकडा तपासतात. यातलं काही नसेल आणि पेशंट खातोय, बोलतोय, तर कदाचित कोलिस्टिनची गरजच नसेल, नुसतं जखमेवरच काम भागेल. हा निर्णय पेशंट बघणाऱ्याचा आहे, माझा नाही, पण प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

आणि तुमच्याकडून जंतूची ये-जा थांबवा. स्यूडोमोनासला ओल लागते. बेसिनची जाळी, ओली फडकी, पलंगाखालची बादली-मग, फुलदाणीतलं पाणी, कॉटला टांगलेला टॉवेल. फुलं नेऊ नका. हात धुऊन कोरडे करून मगच जवळ जा, मोबाइल त्याच्या गादीवर ठेवू नका, शेजारच्या पेशंटला मदत करून तसेच परत येऊ नका.

उद्या राउंडला डॉक्टर भेटले की चार गोष्टी विचारा. मेलेली कातडी किती टक्के उरली आहे आणि काढायची तारीख ठरली का. रक्त किती लागेल. क्रिएटिनिन किती आहे आणि कोलिस्टिन सुरू झाल्यापासून ते वाढतंय का. दिवसाला किती प्रथिनं जातायत, आणि सी, डी, जस्त चालू आहे का. डॉक्टर घाईत असतील, तर कागदावर लिहून निवासी डॉक्टरांच्या हातात द्या, संध्याकाळी ते निवांत सांगतात. यातलं काही उत्तर समजलं नाही तर ते जसंच्या तसं इथे लिहा, सोबत पेशंटचं वजन आणि कोलिस्टिन किती दिवस चाललंय तेही.